गोधडी आणि गृहकृत्ये

(ज्युबिलीनिमित्त धर्मग्रामातील कुटुंबांपुढे केलेले भाषण)



ज्युबिलीच्या या सोहळ्यात आपल्या धर्मग्रामाच्या पूर्वेतिहासावर बोलण्यास आमच्याहून अधिक जाणते वक्ते येथे उपस्थित आहेत. ते काम आम्ही त्यांच्याकडेच सोपवतो. आम्ही आज अशा एका वस्तूविषयी चार शब्द बोलणार आहोत की, जी तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी कोपऱ्यात घडी घालून ठेवलेली असते आणि जिच्याकडे दिवसा कोणाचे लक्ष जात नाही. नुकत्याच जन्मलेल्या बाळास प्रथम तिच्यात गुंडाळतात, आणि थकलेले म्हातारपणही तिच्यातच ऊब शोधते. ती वस्तू म्हणजे गोधडी. कोणी तिला वाकळ म्हणतात. तान्ह्या मुलाच्या लहानग्या गोधडीस दुपटे म्हणतात. आणि दक्षिणेस कर्नाटकात उतरले की तिचेच नाव कौदी होते.

विषय ऐकून काही पुरुषमंडळींच्या मुखावर स्मित उमटलेले आम्हांस दिसते. हा बायकांचा विषय, तेव्हा आपण बाहेर लिंबाखाली जाऊन बसावे, असे त्यांस वाटत असावे. त्यांनी कृपा करून शेवटपर्यंत थांबावे. कारण आमच्या भाषणाचा उत्तरार्ध विशेषेकरून त्यांच्यासाठीच आहे.

गोधडी चिंध्यांची होते हे लहान मुलासही ठाऊक आहे. परंतु ती वेळेच्याही चिंध्यांची होते, ही गोष्ट सहसा कोणी ध्यानात घेत नाही. स्वयंपाक आटोपला आणि भांडी घासायची राहिली, यांच्यामधला पाव तास. मूल निजले आणि दळण आणायचे आहे, त्यामधला अर्धा तास. पावसाळ्यापूर्वीची एखादी लांबलेली दुपार. अशा तुकड्यांतून ती उभी राहते. हे तुकडे घरची माउली कसे जमवते आणि कशाच्या बळावर जमवते, याचा आज आपण विचार करू.

प्रथम कामाचा क्रम पाहावा. वर्षभर घरात जे लुगडे विरते, जे धोतर फाटते, ज्या सदऱ्याची कोपरे जातात, ते सारे बोचक्यात बांधून ठेवतात. होळी झाली, ऊन तापू लागले, म्हणजे ते बोचके सुटते. कापड धुऊन कडकडीत वाळवतात. जेथे विरलेले तेथे फाडून टाकतात आणि धड भाग निवडून ठेवतात. मग जमीन झाडून, सारवून तिच्यावर खालचे अस्तर पसरतात. बहुधा ती एखादी धड साडी असते. त्यावर तुकड्यांचे थर येतात, वर पुन्हा चांगले कापड येते, आणि सुरकुती पडू नये म्हणून सर्व बाजूंनी ताणून, कडांवर वजन ठेवून, मोठमोठे कच्चे टाके घालतात. यानंतर धावदोऱ्याचे खरे काम सुरू होते. पुष्कळ ठिकाणी कडेपासून सुरुवात करून आत आत येत जातात, म्हणून पुरी झालेली गोधडी पाहिली तर चौकटीत चौकट बसवलेली दिसते.

आता थोडा हिशोब करू. सहा फूट लांब आणि साडेचार फूट रुंद अशी एक मध्यम गोधडी घ्या. टाक्यांच्या दोन ओळींत बोटभर, म्हणजे पाऊण इंच, अंतर धरा. सगळ्या ओळी एकापुढे एक मांडल्या तर ४३२ फूट लांबीची शिवण होते. इंचास दोन टाके धरले, तर दहा हजारांहून अधिक टाके झाले. अर्ध्या तासात दोनशे टाके पडतात असे मानले, तर रोज अर्धा तास बसणाऱ्या बाईस एका गोधडीस सुमारे बावन्न दिवस लागतील. पाडव्यापासून मृग नक्षत्र निघेपर्यंत साधारण दोन महिने, कधी थोडे अधिक, मिळतात. म्हणजे एका उन्हाळ्यात एक गोधडी, हे मान आपल्या आज्या-पणज्यांनी उगीच ठरवलेले नव्हे. आणि ज्या वर्षी घरात आजारपण निघाले, लग्न निघाले, किंवा पाण्यासाठी दोन कोस चालावे लागले, त्या वर्षी ती गोधडी अर्धीच राहते, यांत त्या बाईचा काही दोष नाही.

पाण्याचा उल्लेख झाला म्हणून सांगतो. मांजरा नदी आपल्याच जिल्ह्यात पाटोदा तालुक्यात उगम पावते आणि तिच्यावरचे धरण केज तालुक्यात धनेगावास आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात ते धरण कोरडे पडले आणि लातूरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. ज्या भागात हंडाभर पाण्यासाठी दिवस मोडतो, तेथे गाठोडेभर जुने कापड धुणे हाच मोठा खर्च असतो. दुष्काळ शिवारात दिसतो, तसा तो न शिवलेल्या गोधडीतही दिसतो. फक्त त्याची नोंद तलाठ्याच्या दप्तरात होत नाही.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट आहे, जी इतर ठिकाणी इतक्या मोठ्या प्रमाणावर आढळत नाही. बालाघाटच्या डोंगररांगेवरची जमीन हलकी आणि पाऊस बेभरवशाचा. यामुळे दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील कुटुंबांच्या कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती गाळप संपल्यावर उन्हाळ्यात परततात. मुकादमाकडून उचल घेताना नवरा-बायकोच्या जोडीस एक ‘कोयता’ म्हणून धरतात. कोयता मोजताना माणसे दोन मोजली जातात. परंतु पहाटे कोपीपुढे चूल पेटवणे, भाकरी थापणे, पाणी आणणे, मूल झोळीत निजवणे, ही कामे त्या मोजणीत कोठेच येत नाहीत. दिवसभर मोळ्या डोक्यावर वाहून आलेल्या बाईस रात्रीही चूल चुकत नाही. या कष्टाने स्त्रीच्या देहाचे काय होते हे सांगण्याचे हे स्थळ नव्हे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी राज्य शासनास समिती नेमावी लागली, एवढे म्हटले तरी पुरे.

ज्या घरी असे सहा महिने जातात, तेथे त्या काळात सुईत दोरा ओवण्याइतकीही चिंधी वेळेची उरत नाही. मार्गशीर्ष-पौषाच्या थंडीत उसाच्या ओल्या फडाशेजारी जी गोधडी लेकरांच्या अंगावर असते, ती मागल्या उन्हाळ्यात गावी शिवलेली असते. म्हणजे ती माउली वैशाखाच्या उन्हात घाम पुसत पौषातल्या थंडीची तरतूद करत असते. दूरदृष्टी म्हणतात ती याहून निराळी काय असते?

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ असे आपण मुलांस शिकवतो. म्हण खरी आहे. परंतु ते अंथरूण कोणी शिवले, आणि ते शिवताना तिला स्वतःचे पाय पसरण्यास वेळ मिळाला की नाही, हे मात्र म्हण सांगत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. ज्या बायका घर सांभाळून गोधड्या पुऱ्या करतात, त्यांची रीत नीट न्याहाळली तर तीत मोठे शहाणपण दिसते. त्या एका वेळी एकच गोधडी अंथरतात. पहिली पुरी झाल्यावाचून दुसरीचे बोचके सोडीत नाहीत. टाके जेथे थांबले, तेथेच दोऱ्यासह सुई खोचून ठेवतात, म्हणजे पुन्हा बसताना शोधाशोध होत नाही, आणि मुलांच्या पायात सुई जाण्याचे भय राहत नाही. कापड निवडण्याचे काम मुलांस देतात, सुईत दोरा ओवण्याचे काम नातीस देतात. कारण आजीची नजर अधू झालेली असते, पण हात अजून चालतो. आणि पेरणी आली की शिवण मुकाट्याने गुंडाळून ठेवतात. हाती धरलेले काम सोडून देण्यासही शहाणपण लागते.

परंतु या सर्व कामात एक काम असे आहे की, जे वेळेच्या चिंध्यांत होत नाही. ते म्हणजे गोधडी अंथरणे. टाके तुकड्या-तुकड्याने घालता येतात; अंथरण तुकड्या-तुकड्याने होत नाही. थर अर्धवट पसरून उठावे लागले, कोणी त्यावरून चालले, वाऱ्याने कापड सरकले, तर सगळे पुन्हा करावे लागते. आणि तसेच टाकले तर त्या गोधडीस जन्मभर गोळे राहतात. म्हणून त्यासाठी एक सबंध दुपार लागते, मोकळी जमीन लागते आणि दुसऱ्या बाईचे हात लागतात. म्हणूनच शेजारणी एकमेकींकडे सावडीने जातात. आज तिच्या घरी, उद्या हिच्या घरी.

बंधुभगिनींनो, आमच्या भाषणाचे सार एवढेच आहे : गोधडी चिंध्यांची होते, पण ती अंथरावयास जमीन अखंड लागते. ही अखंड दुपार बाईस आपोआप मिळत नाही. ती घराने द्यावी लागते.

घर ती देते काय? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये सबंध देशात लोकांचा दिवस कसा जातो याची पाहणी केली. घरातील बिनमोबदला कामे करणाऱ्यांत स्त्रियांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ त्यांत जातो आणि पुरुषांचा ९७ मिनिटे, असे तीत आढळले. शिवाय अशी कामे करणाऱ्या स्त्रिया शंभरांत सुमारे ८१ निघाल्या, तर पुरुष केवळ सुमारे २६. उरलेल्या चौऱ्याहत्तर पुरुषांच्या दिवसात घरकामाचे एक मिनिटही नव्हते. ही पाहणी आपल्या गावापुरती नव्हे. परंतु आपले गाव तीतून वगळावे, असे धैर्य आम्हांस होत नाही.

कोणी म्हणेल, ‘बायकांस कामातच आनंद असतो, पूर्वीच्या बायका नाही का दळता दळता गात?’ गात होत्या, हे खरे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातील खेडोपाडीच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांत १९९६ मध्ये आपल्या माजलगावच्या भीमनगरातील स्त्रियांच्या ओव्याही ध्वनिमुद्रित झाल्या. त्या बायांनी पहाटेच्या कष्टातून काव्य निर्माण केले, यांत त्यांची थोरवी आहे. परंतु त्या थोरवीचे निमित्त करून कष्टाचे समर्थन करू नये. पिठाची गिरणी आली तेव्हा कोणत्याही सुनेने जाते बंद पडले म्हणून शोक केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. गाणे टिकावे आणि दळण सुटावे, हीच तिची इच्छा असणार. गोधडीचेही तसेच आहे. कला टिकावी, तिच्याभोवतीचा जाच सुटावा.

आणखी एक शंका पुष्कळ तरुण मुली आम्हांस बोलून दाखवतात. बाजारात स्वस्त, मऊ ब्लँकेट मिळत असता दहा हजार टाके कोणी घालावे? शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर दरडावून देता येणार नाही. सुती गोधडी घाम शोषते, थंडीत ऊब देते, फाटली तर वर दुसरा थर चढतो. हे गुण विकतच्या कृत्रिम धाग्याच्या पांघरुणात नाहीत. पण आता घरोघर साड्याच कृत्रिम धाग्याच्या झाल्या. त्यांची गोधडी निसरडी होते, थर सरकतात, आणि जुन्या सुती लुगड्याची ऊब तिला येत नाही, ही म्हाताऱ्या बायांची तक्रारही खोटी नाही. म्हणून जिला विकत घेणे सोयीचे वाटते तिने खुशाल घ्यावे. गोधडी ही बाईच्या सद्गुणाची परीक्षा नव्हे. जिला शिवावीशी वाटते, तिला शिवता यावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आणि शिवावीशी वाटणाऱ्या पुष्कळ आहेत. याचे कारण केवळ ऊब नव्हे. त्या गोधडीत मृत आजोबांचे धोतर असते, लेकीचा परकर असतो, लग्नातल्या शालूचा काठ असतो. घराच्या कितीतरी आठवणी एका अस्तरावर एकत्र येतात. फोटो पेटीत राहतो. गोधडी अंगावर येते.

जगात इतरत्रही हे ओळखले गेले आहे. अमेरिकेतील अलाबामा राज्यात गीज बेंड नावाचे लहानसे गाव आहे. तेथील कृष्णवर्णी शेतकरी कुटुंबांतील स्त्रिया शेतातील आणि घरातील काम उरकून झिजलेल्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या शिवीत. १९६६ मध्ये त्या भागातील स्त्रियांनी गोधड्यांची सहकारी संस्था काढली. आणि २००२ मध्ये ह्यूस्टन येथील कलासंग्रहालयात गीज बेंडच्या गोधड्या भिंतीवर टांगून दाखवण्यात आल्या, तेव्हा प्रेक्षक थक्क झाले. आम्हांस त्यातील एक गोष्ट विशेष वाटते : प्रत्येक गोधडीशेजारी ती शिवणारीचे नाव लिहिलेले होते. आपल्याकडे गोधडी घराची म्हणून ओळखली जाते. तिच्या हातांचे नाव दोन पिढ्यांत पुसून जाते.

दूर कशास जावे? आपल्या अंबाजोगाईस दासोपंतांची पासोडी आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांत होऊन गेलेल्या त्या संतकवींनी सुमारे ४० फूट लांबीच्या कापडावर आपला ग्रंथ लिहिला. पासोडी म्हणजे अंगावर घेण्याचे जाडेभरडे वस्त्र. पांघरण्याचे कापड ज्ञानाचे आसन होऊ शकते, हे या जिल्ह्यास चारशे वर्षांपासून ठाऊक आहे. तर मग आईच्या गोधडीस आपण केवळ चिंध्यांचे गाठोडे का समजावे?

ठिगळाची लाज वाटणाऱ्यांनी असिसीच्या संत फ्रान्सिसचे स्मरण करावे. त्यांचा म्हणून जतन केलेला ठिगळांचा झगा असिसी नगरीत आजही पाहावयास मिळतो. आपल्या महाराष्ट्रात गाडगे महाराजांनी अंगावर चिंध्यांचे वस्त्र वागवले, म्हणून लोक त्यांस गोधडेबुवा म्हणत. आणि आपल्या प्रभूने नव्या कापडाचे ठिगळ जुन्या वस्त्रास लावू नये असा दृष्टान्त दिला, तेव्हा श्रोत्यांतील बायांस तो प्रथम कळला असेल, असे आम्हांस वाटते. कोरे कापड न भिजवता जोडले, तर पहिल्याच धुण्यात ते आकसते आणि जुन्यास फाडते, हे सुई धरणाऱ्या हातांस पुस्तकावाचून माहीत असते. प्रभूने पाच हजारांच्या भोजनानंतर उरलेले तुकडे वाया जाऊ नयेत म्हणून गोळा करवले. बोचके बांधून ठेवणारी माउली याहून वेगळे काय करते? पण ध्यानात घ्या, ते तुकडे गोळा करण्यास प्रभूने सगळ्या शिष्यांस पाठवले होते. एकट्या कोणावर ते काम टाकले नव्हते.

तेव्हा या ज्युबिलीच्या वर्षी आम्ही तुम्हांकडे तीन गोष्टी मागतो. त्यांस पैसा लागत नाही, किंवा फार थोडा लागतो.

पहिली मागणी पुरुषांकडे आहे. आठवड्यातील एक दुपार घरच्या बाईस अखंड द्या. त्या दुपारी पाणी तुम्ही भरा, मुले तुम्ही सांभाळा, पाहुणा आला तर चहा तुम्ही ठेवा. ‘मी मदत करतो’ असे म्हणू नका. घर तुमचेही आहे, आणि स्वतःच्या घरात केलेल्या कामास मदत म्हणत नाहीत. त्या दुपारी तिने गोधडीच अंथरावी असाही आग्रह धरू नका. तिला निजावेसे वाटले तर निजू द्या. दिलेल्या वेळेचा हिशोब मागितला, तर तो वेळ दिला असे होत नाही.

दुसरी मागणी जे गोधडी शिवून घेतात त्यांच्याकडे आहे. गावात अनेक विधवा व गरजू बाया मजुरीने गोधड्या शिवून देतात. दहा हजार टाक्यांचा हिशोब आता तुम्ही ऐकला आहे. तो आठवून मजुरी ठरवा, आणि ‘जुन्याच कापडाची तर आहे’ असे म्हणून घासाघीस करू नका. कापड तुमचे जुने आहे. तिचे दिवस जुने नाहीत.

तिसरी मागणी आज्यांकडे आणि नातवंडांकडे आहे. आजीने आपली विद्या नातीस द्यावी, तशी नातवासही द्यावी. शिंप्याच्या घरचा पुरुष सुई धरतो तेव्हा कोणी त्यास हसत नाही. मग आपल्या मुलास बटण लावण्याची लाज का वाटावी? आणि गोधडी पुरी झाली की तिच्या एका कोपऱ्यात रंगीत दोऱ्याने शिवणारीचे नाव आणि सन घालावा. आजीस अक्षर येत नसेल, तर ते नातवाने काढून द्यावे आणि आजीने त्यावर टाके घालावेत.

आपल्या धर्मग्रामाची वर्षे आपण आज मोजत आहोत. मंदिराच्या भिंती कोणी बांधल्या, घंटा कोणी दिली, याची नोंद या पुस्तिकेत होईल आणि ती व्हावी. परंतु या सर्व वर्षांत ज्यांनी रात्री दिव्याजवळ बसून घरोघरची लेकरे उबेत ठेवली, त्यांची नोंद करण्यास कागद अपुरा पडेल. ती नोंद आपण वेळेच्या रूपाने करू या. येत्या पाडव्यास ज्या घरी बोचके सुटेल, त्या घरी पुरुषाने प्रथम जमीन झाडून द्यावी, अस्तराचे एक टोक स्वतः धरावे आणि ते सरळ पसरले जाईपर्यंत सोडू नये.

देव तुम्हां सर्वांचे कल्याण करो.